वहीतली आठवी मागणी

गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी गल्लीतल्या वहिनी आमच्या दारात आल्या. वहिनी शाळेत पोषण आहार शिजवतात. घरधनी मिरचीच्या व्यापाऱ्याचा टेम्पो चालवतात. वहिनींचा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, "भाऊजी, आमच्या पोराला चार शब्द सांगा की. कम्प्युटरवरचा गाड्यांचा नवा खेळ पायजे म्हणून बसलाय. हजारात किंमत हाय म्हनं त्याची. आमी कुठनं आणायचं?"

आम्ही म्हटले, "वहिनी, नववीतला पोरगा आहे, हट्ट करायचाच." तेव्हा त्यांनी खरे दुखणे सांगितले. मागच्या वर्षी त्यांच्या मोबाइलवर गाड्यांचा कसलासा फुकटचा खेळ होता. त्या खेळात पोराने 'नाणी' विकत घेतली आणि बचत गटाच्या हप्त्यासाठी खात्यात ठेवलेले अकराशे रुपये दोन दिवसांत गेले. पोराने मार खाल्ला, वहिनी रडल्या आणि हप्ता शेजारणीकडून उसने घेऊन भरला. "तवापास्नं खेळ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो," असे म्हणून त्या गप्प झाल्या.

आमच्या पिढीची शर्यत म्हणजे तासाच्या भाड्याने आणलेली सायकल आणि नदीच्या पुलापर्यंतची पैज. कम्प्युटरवरच्या गाड्यांतले आम्हाला काय कळणार! पण एखाद्याचे ऐकून न घेता त्याला उपदेश करावा हे आम्हाला पटत नाही. म्हणून रविवारी आम्ही वहिनींच्या घरी गेलो आणि पोराला म्हटले, "बाबा रे, आधी आम्हाला तुझा खेळ तरी दाखव."

पडद्यावर दिसलेले नाव

खोलीच्या कोपऱ्यात एक जुना कम्प्युटर होता. पोराचा मावसभाऊ पुण्याला नोकरीला असतो. त्याने स्वतःसाठी नवा घेतला तेव्हा हा जुना, आतल्या खेळासकट, या भावंडांना देऊन टाकला. खेळ होता 'एफ वन २०१३'. फॉर्म्युला वन म्हणजे एका माणसाने बसायच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या गाड्यांची जगातली सर्वांत मोठी शर्यत. तिच्यावरचा हा खेळ कोडमास्टर्स ही इंग्लंडमधली कंपनी २००९ पासून करत आली. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ईए कंपनीने कोडमास्टर्सच विकत घेतली. दरवर्षी एक याप्रमाणे खेळ निघत गेले. शेवटचा 'एफ वन २५' हा २०२५ च्या मे महिन्यात आला. पोराचा हट्ट त्याच्यासाठी होता.

पोराने बटण दाबले आणि पडद्यावर मैदानांची यादी आली. त्यात एका ठिकाणी तिरंगा आणि त्याशेजारी नाव होते, 'बुद्ध इंटरनॅशनल सर्किट'. आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले.

हे मैदान उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडाजवळ आहे. १९९७ मध्ये तिथे गौतम बुद्ध नगर हा नवा जिल्हा झाला. त्याच जिल्ह्यात ५ किलोमीटर १२५ मीटर लांबीचा हा शर्यतीचा रस्ता बांधला गेला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे उद्घाटन झाले. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे तिथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. आपला नारायण कार्तिकेयन तिथे २०११ आणि २०१२ मध्ये धावला. त्यानंतर शर्यत बंद पडली. हा 'खेळ' की ही 'करमणूक' यावरून कराचा वाद झाला, बाहेरून येणाऱ्या सामानावरच्या जकातीचा वाद झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या मोबदल्याचा प्रश्नही त्या काळात गाजला. हे सारे सांगितले पाहिजे, कारण नुसत्या नावावर भाळून जाणे बरे नव्हे. तरी जगभरच्या पोरांनी ज्या रस्त्यावर खेळातली गाडी पळवली त्या रस्त्याला तथागतांचे नाव होते, हे वाचून बरे वाटले, हेही खरे.

पोरगा म्हणाला, "काका, पुढच्या वर्षीच्या खेळातनं हे मैदान काढून टाकलं." आणि त्याने दप्तरातून एक शंभर पानी वही काढली. वहीच्या मागच्या पानावर त्याने आणि त्याच्या थोरल्या बहिणीने लिहिले होते, 'खेळात काय काय पाहिजे'. खाली सात मागण्या होत्या. आम्ही त्या एकेक करून वाचल्या.

सात मागण्या

पहिली मागणी : दरवर्षी तोच खेळ नवा म्हणून विकू नका. पोराचे म्हणणे असे की मैदाने तीच, गाड्या थोड्या बदललेल्या, चालकांची दोन-चार नावे इकडची तिकडे, आणि किंमत मात्र पुन्हा पुरी. त्यापेक्षा जुन्या खेळातच थोडक्या पैशांत भर घालावी. आम्ही गडहिंग्लजची माणसे, फुटबॉलवर वाढलेली. आम्हाला हे लगेच समजले. मैदान तेच, गोलचे खांब तेच, आणि दरवर्षी कोणी म्हणाले की मैदानासकट सगळे नव्याने विकत घ्या, तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरी : एका पडद्यावर दोघांना खेळता यावे. पडद्याचे दोन भाग करायचे, वरच्यात एकाची गाडी, खालच्यात दुसऱ्याची. ही सोय २०११ च्या खेळात होती. २०१५ च्या खेळातून ती काढली गेली आणि २०२० मध्ये परत आली. यामागे अडचणही आहे. पडद्याचे दोन भाग केले की यंत्राला एकाच वेळी दोन देखावे रेखाटावे लागतात, त्यामुळे त्याच्यावरचा भार वाढतो. कंपनीला वाटते की दोघे दोन घरांतून नेटवर खेळतीलच. पण त्यासाठी दोन यंत्रे लागतात आणि खेळही दोनदा विकत घ्यावा लागतो. एका खोलीत राहणाऱ्या भावंडांनी काय करायचे?

तिसरी : जुन्या कम्प्युटरवर चालावा. नव्या खेळात पाण्यावरची चमक आणि काचेतली प्रतिबिंबे खऱ्यासारखी दिसतात, पण ती दाखवायला महागडे यंत्र लागते. पोरगा म्हणतो, "चमक नको काका, गाडी अडखळत पळू नये एवढंच बघा." हे आम्हाला शहाणपणाचे वाटले. देखावा साधा ठेवून खेळ सुरळीत चालवण्याची पायरी आणखी खाली आणावी, एवढीच ही मागणी आहे.

चौथी : नाणी आणि पास बंद करा. २०२० पासून या खेळात 'पोडियम पास' आला. 'पिटकॉइन' नावाची नाणी खऱ्या पैशांनी घ्यायची आणि त्यातून गाडीचे रंग, हेल्मेट, कपडे मिळवायचे. त्याने गाडी जोरात पळत नाही, नुसती नटते. तरी हजारांत किंमत मोजून घेतलेल्या खेळाच्या आत पुन्हा दुकान मांडावे, हे पोराला रुचलेले नाही. ही मागणी त्याने लाल शाईने लिहिली होती. का, ते वाचकांनी ओळखले असेलच.

पाचवी : नेट नसले तरी चालावा, आणि घेतलेला खेळ पुढे बंद पडू नये. ही भीती पोकळ नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांचाच खेळ २०१४ मध्ये निघाला. तो नेटशिवाय चालत नव्हता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने आपल्याकडचे यंत्र बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून खेळ घेतला होता त्यांच्याकडेही तो बंद पडला. आपण सायकल विकत घ्यावी आणि दहा वर्षांनी दुकानदाराने येऊन तिची चाके काढून न्यावीत, तसाच हा प्रकार.

सहावी मागणी बहिणीच्या अक्षरात होती : चालक मुलगी पाहिजे, आणि ती गोष्टीपुरती नको. २०२३ च्या खेळातल्या कथेत कॅली मेयर नावाची एक तरुणी चालक म्हणून आली. त्याच वर्षी मुलींसाठी 'एफ वन अकॅडमी' ही खरी शर्यतही सुरू झाली. पण मुख्य फॉर्म्युला वनच्या शर्यतीत १९७६ मध्ये इटलीच्या लेला लोंबार्डी उतरल्या, त्यानंतर वर्षानुवर्षे एकही स्त्री उतरू शकली नाही. ताई म्हणते की खऱ्या रस्त्यावर वेळ लागत असेल तर लागू दे, खेळाला कोणी अडवले आहे? मुलींच्या शर्यतीचा सबंध हंगाम खेळायला द्यावा. आम्ही या मागणीवर बरोबरची खूण केली.

सातवी : बुद्ध सर्किट परत आणा. कंपनीचे साधे उत्तर असे, की त्या वर्षी जिथे खरी शर्यत होते तीच मैदाने खेळात असतात. पण हा नियम कंपनीने स्वतःच अनेकदा मोडला आहे. २०१३ च्या याच खेळात ब्रँड्स हॅच आणि जेरेझ ही जुनी मैदाने आठवण म्हणून दिली होती. २०२३ च्या खेळात त्या वर्षीच्या शर्यतीत नसलेली पोर्तुगाल आणि फ्रान्सची मैदाने होती. त्यांना जागा मिळते, मग आपल्याच मैदानाला का नाही, हा प्रश्न रास्त आहे. 'फोर्स इंडिया' या नावाचा संघ २०१८ पर्यंत या खेळात होता, तोही गेला. मुंबईचा जेहान दारूवाला दुसऱ्या दर्जाच्या, म्हणजे एफ टू शर्यतीतला चालक म्हणून पुढच्या काही खेळांत दिसला, तेवढाच काय तो आधार. चाहत्यांनी 'असेटो कोर्सा' या दुसऱ्या खेळासाठी बुद्ध सर्किट आपल्या हाताने तयार करून घातले. म्हणजे हौस आहे आणि कसबही आहे.

टेम्पोवाल्यांची परीक्षा

आमची ही वाचावाच चालली होती तेवढ्यात घरधनी आले. आजवर त्यांनी या खेळाकडे ढुंकून पाहिले नव्हते. त्या दिवशी दारातच उभे राहून पोराची गाडी पाहत होते. वळण आले, पोराने गाडी तशीच आत घातली आणि ती वाळूत जाऊन अडकली. घरधनी म्हणाले, "ब्रेक वळणाच्या आदी मारायचा असतोय, वळणात न्हवं. आंबोली घाटात असा गेलास तर मिरचीसकट दरीत जाशील."

पोरगा चमकला. ताईने बापाच्या हातात जॉयस्टिक दिली, स्वतः की-बोर्ड घेतला आणि पडद्याचे दोन भाग केले. पहिल्या फेरीत बाप भिंतीवर आदळला. दुसऱ्या फेरीत सावरला. तिसऱ्या फेरीत म्हणाला, "टायर घासलंय, गाडी धरंना झालीया." आणि खरोखरच खेळात तसेच होते. मऊ टायर रस्ता घट्ट धरतो पण लवकर झिजतो, कडक टायर जास्त टिकतो पण सुरुवातीला घसरतो. कधी बदलायचा याचा हिशेब ज्याला जमला तो पुढे. वीस वर्षे टेम्पो चालवलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही. शर्यत ताईनेच जिंकली. पण त्या पोराने बापाकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरणार नाही. दुसऱ्या मागणीचे महत्त्व आम्हाला तेव्हा कळले.

वाचकहो, मुलांच्या खेळाला शिव्या देण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहावे. त्यात वाईट काय आणि बरे काय, हे बसल्याशिवाय दिसत नाही.

मागितले तर मिळते काय?

वहिनींनी विचारले, "हे वहीत लिवून काय हुतंय? ती कंपनी कुठली, आपण कुठले!" प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली, वाचन केले आणि जे समजले ते इथे देतो.

२०१५ च्या खेळातून कंपनीने नुसता दोघांचा पडदाच काढला नव्हता. नवखा चालक म्हणून सुरुवात करून वर्षानुवर्षे पुढे जाण्याचा 'करिअर' हा भागही काढला होता, अपघातानंतर पुढे येणारी सेफ्टी कारही काढली होती. चाहत्यांनी जाहीर नाराजी दाखवली. २०१६ च्या खेळात या दोन्ही गोष्टी परत आल्या.

'ग्रान टुरिस्मो' हा जपानमधला शर्यतीचा खेळ १९९७ पासून चालू आहे. त्याचा सातवा भाग २०२२ च्या मार्चमध्ये निघाला. त्याच महिन्यात खेळ दिवसभराहून जास्त वेळ बंद पडला, आणि शर्यत जिंकून मिळणारी कमाईही कंपनीने अनेक ठिकाणी कमी केली. मेहनतीने गाडी मिळेना, म्हणजे खऱ्या पैशांनी घ्या, असाच त्याचा अर्थ लोकांनी काढला. इतका गदारोळ झाला की प्रमुखांनी माफी मागितली, खेळाडूंना खेळातली दहा लाखांची रक्कम दिली आणि कमाई पुन्हा वाढवली.

'द क्रू' बंद पडल्यावर युरोपात 'खेळ मारू नका' अशी मोहीम सुरू झाली. २०२५ च्या जुलैपर्यंत त्या मागणीवर दहा लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या. कंपनीनेही पुढच्या दोन भागांना नेटशिवाय चालण्याची सोय देण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

आणि पोराच्या पहिल्या मागणीचे काय? २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ईए कंपनीने जाहीर केले की २०२६ साठी वेगळा खेळ काढणार नाही. २०२५ च्याच खेळात नव्या हंगामाची भर विकत मिळेल आणि पुढचा नवा खेळ २०२७ मध्ये येईल. एकट्या आपल्या वहीमुळे हे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण अशा हजारो वह्या जगभर लिहिल्या जातात, आणि गिऱ्हाईक काय म्हणते याकडे विकणाऱ्याला कधीतरी पाहावेच लागते. गप्प राहून पैसे मोजणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही.

आयाबायांसाठी दोन शब्द

हे शर्यतीचे खेळ म्हणजे जुगार नव्हेत, हे आधी समजून घ्यावे. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या संगणकीय खेळांच्या स्पर्धांना मान्यता दिली. नाणी विकत घेऊन गाडी नटवण्यात पैसे जिंकण्याची आशा नसते, त्यामुळे ते त्या बंदीत बसत नाही. म्हणजे तिथली राखण आपली आपणच करायची.

मोबाइलच्या प्ले स्टोअरमध्ये 'प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागा' अशी सोय असते. ती आजच सुरू करून घ्या. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, त्यांच्या देखत दाबू नका. हप्त्याचे पैसे ज्या खात्यात आहेत ते खाते खेळाच्या मोबाइलला जोडू नका. चुकून पैसे गेलेच तर पोराला मारत बसण्यात वेळ घालवू नका. प्ले स्टोअरवरून ४८ तासांच्या आत परतीची मागणी केली तर पैसे मिळण्याची शक्यता बरी असते. तक्रार ऐकून घेतली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा क्रमांक आहे.

मुलांनाही एक सांगणे आहे. नवा खेळ निघाल्याबरोबर घेतलाच पाहिजे असे काही नाही. सहा-आठ महिने थांबले की त्याच खेळाची किंमत उतरते. थांबण्यात कमीपणा नाही.

शेवटी काय ठरले

घरात बसून चौघांनी ठरवले. नवा खेळ सध्या घ्यायचा नाही. किंमत उतरल्यावर, आणि आपल्या कम्प्युटरवर तो चालतो याची खात्री झाल्यावर पुढचा विचार. तोवर रविवारी संध्याकाळी एक तास पडद्याचे दोन भाग करून खेळायचे, आणि त्यात आई-बापांचीही पाळी असायची. वहीतल्या मागण्या मात्र कंपनीला लिहून पाठवायच्या. आम्ही मराठी मसुदा तयार करून दिला, ताई त्याचे इंग्रजी करणार आहे. अडले तर शाळेतल्या बाई आहेतच.

मसुदा वाचून झाला तेव्हा वहिनी चुलीपुढून उठून आल्या. चौथ्या मागणीवरची लाल शाई त्यांनी बोटाने दाखवून घेतली, दोनदा वाचायला लावली. मग पोराला म्हणाल्या, "आणि एक लिव्ह. पैसे कापायच्या आदी घरातल्या मोठ्या माणसाला इचारा. नुसतं बटण दाबलं की पैसं गेलं, असं नगं."

पोराने मान खाली घालून लिहिले. आठवी मागणी. खाली दोघा भावंडांच्या सह्या होत्याच, ताईने तिसरी सही आईची घेतली.

असो. आमच्या वाचकांच्या घरीही अशी एखादी वही असेल. मुलांना सांगा, नुसता हट्ट करू नका, काय पाहिजे आणि का पाहिजे ते नीट लिहून काढा. आणि ते लिहीत असताना त्यांच्या शेजारी पाच मिनिटे बसा.